भिंतीवरच्या जाहिराती, बेलबॉटम, साधना कट... तुमच्या गावात काय काय होतं?

सरकी
यंदा पावसाळ्याच्या तोंडावर गावाकडच्या घराची रस्त्याकडची भिंत खरवडायला घेतली. चुन्याचे पोपडे निघता निघता खालून निळा रंग दिसायला लागला. मजूर म्हणाला, "काही तरी लिवलं हाय जी, घासू का राहू देऊ?" जाऊन पाहिलं तर कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरात. 'धुलाई' एवढा शब्द अख्खा, बाजूला बादली, आणि पदर खोचलेल्या बाईचा अर्धा चेहरा. कपाळावरचं कुंकू अजून लाल आहे. कानापाशी केसांची वळलेली एक बटसुद्धा शाबूत.

तो पेंटर मला आठवतो. सायकलला डबे अडकवून आला होता. आजोबांनी हो म्हटलं, मोबदल्यात साबणाच्या वड्या आणि एक कॅलेंडर मिळालं. निळीत भिजवलेल्या दोरीचं एक टोक त्यानं आम्हा पोट्ट्यांना धरायला दिलं, दोरी ताणली, मधोमध चिमटीत उचलून सोडली. भिंतीवर सरळ रेघ! मग खिशातून हातभर कागद काढला. त्यावर छापील चित्र, चित्रावर पेन्सिलीचे चौकोन. तितकेच चौकोन त्यानं भिंतीवर कोळशानं पाडले आणि एकेक चौकोन बघत बाई उतरवली. रंगात शिजवलेला सरस होता, त्याचा वास ओसरीभर. डोळे त्यानं सगळ्यात शेवटी काढले. आजी म्हणाली, "आता पाहून रायली बाप्पा ते आपल्या घरात."

आजोबांना वाचता येत नव्हतं. दुकानात ते बाईवाला साबण मागत, बिडी चित्र पाहून घेत, काडीपेटी चित्र पाहून घेत. त्या जाहिराती त्यांच्यासाठीच काढलेल्या होत्या, म्हणून तर एका नजरेत कळायच्या. मला त्या फार मोलाच्या वाटतात. तुमच्या गावातल्या सांगा. जाहिराती, कपडे, केस, जुने फोटो, सगळं चालेल.

धामणगावची लेक
लाल त्रिकोण राहिला की! आमच्याकडे उपकेंद्राच्या भिंतीवर होता, खाली आई, बाप, पोरगा, पोरगी असे चार चेहरे आणि 'हम दो हमारे दो'. आम्ही सहा भावंडं त्याच भिंतीच्या सावलीत गोट्या खेळायचो. नर्सबाई येता जाता आमच्याकडे पाहायच्या आणि आईला सांगायला घरी यायच्या.

कापूसकोंड्या
केसाचं सांगतो. आमच्या गावात म्हाली बुवा दर बुधवारी निंबाखाली बसे. लाकडाची पेटी, फुटका आरसा, हातानं दाबाची मशीन. ते मशीन केस कापे कमी अन् उपटे जास्त. माह्या बाबानं त्याईले सांगून ठेवलं होतं, पोट्ट्याले बारीक मारा. अन् आमाले पाह्यजे होता अमिताभ कट! कान झाकले पाह्यजे, मागून कॉलरवर आले पाह्यजे.

मंग आमी काय केलं, शकुंतलेत, म्हंजे आमच्या छोट्या रेल्वेत बसून दारव्ह्याले गेलो. तिथं खुर्चीवालं सलून. समोर आरसा, मागं आरसा, आपलं टाळकं मागून कसं दिसते हे मी जिंदगीत पयल्यांदा तिथं पाह्यलं. भिंतीवर सारे हिरो लावले होते, बोट दाखवाचं अन् बसाचं. पंखा व्हता. पावडर लावे तो मानीले. घरी आलो तं आजी म्हने, "हा कोन पाव्हना?"

धामणगावची लेक
@कापूसकोंड्या पाव्हना 😂😂 बाबांनी काय केलं मग?

कापूसकोंड्या
काई नाई. बुधवारी निंबाखाली नेऊन बसवलं.

रिबीनवाली
पोळ्या व्हायच्यात पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या शाळेत दोन वेण्या, लाल रिबीन, फूल कानामागे यायला हवं. रविवारी आई रिठे-शिकेकाई उकळायची, चुलीवरच. केस वाळवायला खाटेवर उताणं झोपायचं आणि केस खाटेखाली सोडायचे. वेणी इतकी घट्ट घालायची की भुवया वर जायच्या.

माझी मावसबहीण नागपूरला कॉलेजात होती. ती सुट्टीत आली ती कपाळावर केस घेऊन. साधना कट. गावातल्या बाया तिला बघायला यायच्या, कोणी म्हणे ताप आला होता का, कोणी म्हणे नवस असंल. तिनं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं, साधनाचं कपाळ जरा रुंद होतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला ऑड्री हेपबर्नसारखे केस कापायला लावले, १९६०च्या सिनेमात, आणि मग देशभर पोरींनी तेच केलं. आमच्या गावात ऑड्री हेपबर्न कोणाला ठाऊक असणार, पण तिचे केस आमच्या ओसरीपर्यंत आले होते! हे मला आजही थोर वाटतं.

तिनं कापड कापायच्या कात्रीनं माझेही कापले. आधी ओले करून कपाळावर विंचरले, भुवईवर बोट आडवं धरलं, बोटाच्या वर कात्री. आई काही बोलली नाही. संध्याकाळी दिवा लावताना तिनं माझी हनुवटी धरून तोंड इकडं तिकडं वळवून पाहिलं आणि म्हणाली, "बरं दिसते."

मोर्शीचा संत्रा
रिबीनवाली ताई, मस्त. खाट आणि केस वाचून मोठ्या मायची आठवण आली. ती अंबाड्यात गंगावन घालायची.

बाभुळबन
गंगावन म्हणजे तेच ना, गळालेले केस जमवून केलेलं? आमच्याकडे केस घेऊन सुया, फण्या, फुगे देणाऱ्या बाया यायच्या. घराच्या भिंतीच्या फटीत केसांचे गुंडाळे खोचून ठेवलेले असायचे. आम्ही फुग्यासाठी आजीच्या फणीवर टपून.

मोर्शीचा संत्रा
हौ तेच. अंबाडा मोठा दिसला पाहिजे, वर सोन्याचं फूल. आता कोणी अंबाडा घालत नाही, क्लिप लावून मोकळे.

रेडिओवाला काका
सर्वांना नमस्कार. जाहिरात म्हणजे फक्त भिंत नव्हे, कानांनीही ऐकायची होती. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ला, आणि त्या मुंबई, पुणे व नागपूर इथून. म्हणजे आपला विदर्भ अगदी पहिल्या दिवसापासून त्यात होता, हे पुष्कळांना माहीत नसतं. आमच्या घरी रेडिओला विणकामाचं झाकण, त्यावर मोर. पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत. शेतातून आलेली गडीमाणसं ओसरीत बसून ऐकत. दंतमंजनाची जाहिरात लागली की आमचे एक गडी निंबाची काडी चावत मान डोलवायचे. त्या चाली मला आजही अख्ख्या पाठ आहेत, कंपन्यांनी केव्हाच बदलल्या.

वेणूची सून
निरमाचा फ्रॉक कोणी शिवला होता का? पांढरा, गोल घेराचा, पाकिटावरच्या पोरीच्या अंगात आहे तसा? निरमा १९६९ला अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी काढली, नाव त्यांच्या मुलीवरून, निरुपमा. माझ्या धाकटीला तो फ्रॉक पाहिजेच होता. आमची जमीन काळी, पांढरा फ्रॉक घालून पोरगी बाहेर गेली की गुडघ्यापासून खाली काळी. पण गिरकी घेतली की घेर असा फुलायचा, मी हातातलं काम टाकून बघत राहायची.

मोहरी चोवीस
आमचं शिंप्याचं दुकान. म्हणून कपड्यांबद्दल मी बोलणार, थोडं लांबेल.

बेलबॉटमच्या काळात बाबा रात्री कंदील लावून शिवायचे. गिऱ्हाईक यायचं आणि मोहरी, म्हणजे पँटचा खालचा घेर, सांगायचं. बावीस. दुसरा ऐकायचा आणि म्हणायचा चोवीस. कमरेला, मांडीला गच्च, गुडघ्यापासून खाली घेर. मोहरी जमिनीवर घासून फाटते म्हणून आतून मागच्या बाजूला पितळी चेन शिवायची, चालताना बारीक आवाज यायचा. पावसाळ्यात काळ्या चिखलात त्या मोहरीचं काय व्हायचं ते ज्यानं घातली त्यालाच माहीत. पोरं पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून, चपला हातात घेऊन फाट्यापर्यंत जायची, तिथं पाय धुऊन मोहरी खाली सोडायची आणि एसटीत चढायची.

कापड टेरिकॉट नाही तर टेरिलिन. टेरिलिन घाम पीत नाही. पंचेचाळीसच्या उन्हात, मे महिन्याच्या लग्नात, नवरदेव टेरिलिनच्या कोटात! पण इस्त्री मोडायची नाही, वाळायचंही लवकर, आणि चमक होती. सुती धोतर-बंडीत वाढलेल्या घरात ती चमक पहिल्यांदा येत होती. बाबा म्हणायचे, त्या माणसाला वर्षातून एकदा कापड घ्यायला मिळते, त्याले चमकू द्या.

आणि दिवाळीचा एकच तागा! घरात कर्ता पुरुष एक तागा घ्यायचा आणि त्यात सगळ्या पोरांचे शर्ट, उरल्यात पोरींची पोलकी, आणखी उरलं तर खिडकीचा पडदा. गल्लीतून पोरं चालली की कोणाच्या घरची आहेत ते कापडावरून कळे. दुकानात फॅशनचा एक रंगीत चार्ट होता, कॉलरचे प्रकार काढलेला. तो मी अजून काचेत लावून ठेवलाय. बाबा गेले, मशीन आहे, मी रेडिमेडचे अल्टरेशन करतो.

रिबीनवाली
भाऊ, चार्टचा फोटो टाका ना. डॉग कॉलर होती का त्यात?

मोहरी चोवीस
आहे. डॉग कॉलर, राजा कॉलर, गुरू शर्टचा गळा पण आहे. दुकानात गेलो की टाकतो.

कापूसकोंड्या
चेन! अबे ते चेन माहीत हाय मले. माह्या काकाच्या पँटीची चेन सायकलच्या चेनीत अडकली व्हती. दोन चेनी एकमेकीत. लय वेळ लागला सोडवाले.

एक पाऊस
लग्नाचा फोटो: आई खुर्चीत, बाबा उभे, डावा हात असा धरलेला की एचएमटीचं घड्याळ दिसलंच पाहिजे. मागे पडद्यावर तळं आणि बदकं रंगवलेली. आमच्या तालुक्यात तळं नव्हतं 🙂

बाभुळबन
पडद्यावरून बहिरमची यात्रा आठवली!!! फोटोच्या राहुट्या असायच्या, त्यात पुठ्ठ्याचा चंद्र, त्यावर बसून फोटो. दुसरीत मोटरसायकल, खरी नाही, रंगवलेली, मागे उभं राहून हँडल धरल्यासारखं करायचं. माझ्या आत्याचा नव्या नवऱ्यासोबतचा चंद्रावरचा फोटो आहे, दोघंही भलतीकडे बघतायत.

मोर्शीचा संत्रा
बहिरम म्हणजे हंडीचं मटण आणि रोडगे. फोटो कोण काढतं बाप्पा.

बाभुळबन
आधी फोटो, मग हंडी. नंतर काढला तर शर्टावर रस्सा दिसतो.

मोर्शीचा संत्रा
हे बरोबर. यंदा डिसेंबरात कोण कोण येऊन राहिलं? रोडगे मी आणतो.

धामणगावची लेक
मी येते, वांग्याची भाजी पण हवी मात्र.

गोंदियाची बिडी
माझी माय बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, जर्दा, सूत, पत्र्याचा फर्मा. फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, हात कधी थांबायचा नाही. मजुरी हजारावर. लेबल कारखान्यात चिकटवायचे, पण खराब छापलेले कागद मुनीम कधी आम्हा पोरांना द्यायचा. त्यात लाल रंग जरा सरकलेला असायचा, शेठच्या टोपीच्या बाहेर लाल किनार, ओठ गालावर. मी ते वहीत चिकटवले. पिवळ्या कागदावर गोलात शेठचा फोटो, भोवती वेल, वर देवाचं नाव, खाली 'नकली माल से सावधान'. एवढाल्या कागदावर इतकं सगळं कोणी मांडलं असेल, केवढी नजर! पुढे मी छपाईच्या कामाला लागलो ते त्या वहीमुळे. आता शिकल्यावर कळतं की तेव्हा रंगागणिक वेगळा ठसा होता, एक दाबला की दुसरा, जरा हलला की शेठचे ओठ गालावर.

माय गेली. वही आहे.

वेणूची सून
तुमच्या आईचे हात डोळ्यांसमोर आले दादा. जपा वही.

पेंटर मामाची भाची
सरकी, तुझा धागा वाचून मामांना फोन केला. ते पेंटर. आता बोर्ड कमी, घरांवर डिस्टेंपर मारतात. त्यांनी जे सांगितलं ते लिहिते.

मराठी बोर्ड लिहिताना आधी वरची रेघ, मग अक्षरं तिला खालून लटकवत जायची. मोठं अक्षर चपट्या ब्रशनं, कोपरे खारीच्या केसांच्या ब्रशनं. अक्षराला शेड द्यायची ती सगळी एकाच बाजूला, उजेड डावीकडून येतो असं धरून. एका अक्षराची शेड उलटी पडली तरी बोर्ड डोळ्याला टोचतो, गिऱ्हाइकाला का ते सांगता येत नाही पण टोचतो. कापसाच्या बियाण्याच्या जाहिराती त्यांनी पुष्कळ केल्या, मृगाच्या आधी काम जोरात. त्यात बोंड काढायचं. मामा म्हणतात, शेतकरी अक्षर नाही बघत, बोंड बघतो, पाकळ्या किती उघडल्यात ते बघतो. म्हणून ते खरं बोंड तोडून खिशात ठेवायचे आणि त्याच्याकडे बघून काढायचे. खाली कोपऱ्यात बारीक सही, 'आर्ट्स' लावून.

फ्लेक्स आल्यावर पहिल्या वर्षी अर्धं काम गेलं. एका नेत्याचा वाढदिवस, मामांना बोलावणं नाही, आणि सकाळी चौकात मोठा फ्लेक्स. मामा जवळ जाऊन हात लावून बघत होते म्हणे, ब्रशची रेघ कुठे लागते का ते.

सरकी
वाचून गलबलून आलं गं. मामांना विचार ना, त्या भिंतीवर काय लावलं तर हा पावसाळा निघेल? सरस आहे त्यात, पाणी लागलं की जाणार. मजुराला बाकीची भिंत करायला सांगून तेवढा तुकडा सोडलाय.

पेंटर मामाची भाची
विचारलं. म्हणाले, वरून वार्निश मारू नका, पिवळं पडेल आणि पोपडा धरून ओढेल. वर पत्र्याची पडवी टाका, दोन हात पुढे आलेली. झड लागू नये एवढंच. आणि आत्ताच कोरड्यात चांगले फोटो काढून ठेवा. नव्यानं रंगवायचं मनात आणू नका असंही म्हणाले, ज्यानं काढली त्याचा हात राहू द्या.

झाडीपट्टीचा गडी
उशिरा आलो. झाडीपट्टीत या, तुमाले पोस्टर दाखवतो! दिवाळीनंतर मंडई, म्हंजे आमची जत्रा, लागली की होळीपर्यंत आमच्याकडं नाटकं. सारं बुकिंग वडशाले. पोस्टरवर नाटकाचं नाव लाल अक्षरात, अक्षरातून रक्त गळून रायलेलं नाहीतर आग लागलेली. गोलागोलात सारे नट. नायिका मधात, डोळ्यात पाणी. व्हिलनचे केस वेगळे, आधी मिथुनचे होते, मग संजूचे लांब, मग सलमानचा मधला भांग. पोस्टर पाहून सांगता येते कोनत्या सालचं असंल.

मी लहान असताना भिंतीले, झाडाले, धानाच्या पुंजण्याजवळ बैलबंडीले लावलेले असत. आता फ्लेक्स आहे, पण मांडणी तशीच ठेवली आमच्या लोकांनी, गोल तसेच, आग तशीच. हे मला लय आवडते. मी पोस्टर जमा करतो, ट्रंकीत हायत.

गोंदियाची बिडी
दादा, मला ती बघायची आहेत. गोंदियाहून वडसा रेल्वेनं सरळ आहे. स्कॅन करून देतो, माझ्याकडे मशीन आहे मोठं.

झाडीपट्टीचा गडी
या ना जी. धान कापणी व्हायच्या आधी या, मग मले टाइम नाही.

रेडिओवाला काका
कापडावरच्या तिकिटांचा उल्लेख कोणी केला नाही. नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांची, १ जानेवारी १८७७ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून ते नाव. पुढे ती बंद पडली. आपल्याच कापसाचं कापड. जुन्या गिरण्यांच्या ताग्यावर रंगीत तिकीट चिकटवलेलं असे, देवी, राणी, हत्ती, वाघ. तागा संपला की बाया ते सोडवून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवत. देवांची छापील चित्रं राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून, तो १८९४चा, घरोघर आली, आणि आमच्या आईच्या पेटीत लक्ष्मी आणि गिरणीचा वाघ शेजारी शेजारी होते.

बाभुळबन
काका आमच्या आजीच्या पेटीत पण!! मला वाटायचं ते देव आहेत सगळे. वाघाला पण हळद-कुंकू लागलेलं.

रिबीनवाली
पेटीवरून विचारते. सासूबाईंचं करवती काठाचं टसरचं लुगडं आहे, भंडाऱ्याकडचं, मोहाडीच्या विणकरांचं. काठाचे दात अजून करकरीत, पण घडीवर चिरत चाललंय. वास पण येतो. काय करू?

मोहरी चोवीस
ताई, घडी बदला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की रेशीम तिथंच तुटतं. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून दुसऱ्या रेघेवर घाला, घडीत जुनं मऊ सुती धोतर ठेवा. हँगरला टांगू नका, वजनानं ओढतं.

वेणूची सून
आणि सावलीत वारा द्या, उन्हात नको. धुवायचं झालं तर रिठ्याचं गार पाणी, पिळायचं नाही. डांबरगोळ्या ठेवल्यात का? जरीचा काठ असेल तर काळा पडतो त्यानं. वाळलेला निंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा.

रिबीनवाली
डांबरगोळ्याच आहेत! वास तोच असणार. जरीचा काठ नाही त्यात, साधा लाल आहे, तरी काढते. धोतर सासऱ्यांचं आहे एक.

मोहरी चोवीस
धोतराची खळ काढून टाका आधी, दोनदा धुवा. खळीला झुरळं येतात.